माधवच्या पोरींचा अंतिम सामना

सकाळी सातला लातूरहून नांदेडची बस सुटली. माझा धाकटा भाऊ माधव लातूरच्या एका दवाखान्यात होता. खेळत असताना गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी केली होती. दिवस थोडे उरलेत हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच दुपारी नांदेडला त्याच्या पोरींचा, म्हणजे मुखेडच्या शाळेच्या कबड्डी संघाचा, अंतिम सामना होता.

"आक्का, तू जा," तो म्हणाला होता. "बघ आणि येऊन खरं सांग. बाकीचे सगळे मला गोड बोलून फसवायलेत."

मी नाशिकहून त्याच्या उशाशी बसायला आले होते, सामने बघायला नाही. पण निघाले.

अहमदपूरला गाडी थांबली. स्थानकाबाहेर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो नाश्ता) खाल्ली. मिरची जास्त, लिंबू चांगलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालाव?"

"कबड्डीला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या वयात? लई धाडस हाय की!"

पुढे सोयाबीन निघालेली काळी रानं आणि मधूनमधून हिरवी तूर. माधव अशाच मातीत खेळून व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचला. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा. शेवटच्या सामन्यात त्यानं शेजारच्या खेळाडूचा हात सोडून चढाई करणाऱ्याच्या पायावर झेप घेतली. पाय हुकला, याचा आधीच दुखरा गुडघा मोडला, संघ हरला. पुढे तो एका संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर त्याला काढलं. मग गावी येऊन शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवू लागला. त्याचा एकच नियम होता: बचाव करताना जोडीदाराचा हात सोडायचा नाही. दोघी-दोघींची मनगटं ओढणीनं बांधून तो त्यांना पळवायचा, पाणी भरायला लावायचा, डबासुद्धा तसाच खायला लावायचा.

लोह्याच्या अलीकडे टायर फुटलं. पाऊण तास बाभळीखाली उभं राहण्यात गेला. गोदावरीचा पूल ओलांडून रिक्षानं मैदानावर पोहोचले तेव्हा पहिला डाव संपत आला होता.

मध्यंतरात कर्णधार रेणुका धावत आली. "आत्या, सर कसे हायत?"

"तुमचा निकाल ऐकायला थांबलाय," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. समोरच्या मुलीनं कोपऱ्यातल्या रेणुकाला हात लावला आणि परत वळली. वळताना तिचा घोटा रेणुकाच्या जोडीदाराच्या, सीमाच्या, अगदी पुढ्यात आला. दोन्ही हातांनी धरला असता तर सामना आमचा होता. सीमानं एकाच हातानं धरला. दुसरा रेणुकाच्या हातात होता. घोटा निसटला. एका गुणानं हरलो.

सीमा मातीत बसून रडत होती. रेणुका कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "सरांना तेवढं सांगा आत्या. हात न्हाई सोडला."

संध्याकाळी लातूरला पोहोचले. माधव जागाच होता.

"हरलो," मी म्हणाले. "एका गुणानं."

"कसं?"

मी जसं घडलं तसं सांगितलं.

"सोडायला पाहिजे होता गं," तो म्हणाला. "घोटा पुढ्यात आल्यावर सोडायचाच असतो. मी सोडला ते चुकलं नव्हतं, मला उशीर झाला होता. पोरींना सांग. सरांनी सांगितलंय म्हणावं."

तो झोपल्यावर व्हरांड्यात येऊन मी रेणुकाला फोन लावला. माधवचं म्हणणं तिला जसंच्या तसं सांगितलं.

"सर असं म्हणणार न्हाईत. आम्हाला बरं वाटावं म्हणून तुम्ही मनानं सांगायलात. सरांना फोन द्या."

"झोपलाय. सकाळी देते."

सकाळी तो उठला नाही.

मुखेडला अंत्यविधीला सगळ्या पोरी आल्या, शाळेच्या गणवेशात, दोघी-दोघी हात धरून. रेणुका आणि सीमा फुलं वाहायला पुढे आल्या. वाकताना सीमाच्या ओंजळीची फुलं सांडतील असं मला वाटलं, पण ओंजळ नव्हतीच. दोघींनी एकेका हातानं फुलं वाहिली, दुसरा हात एकमेकींच्या हातात तसाच.

तेरावा आटोपून मी नाशिकची गाडी धरली. माझ्या तोंडाला लोक घाबरतात, पण माझ्या शब्दावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. घरी आल्यावर बॅग उपसताना वाटलं, त्या संध्याकाळी रेणुकाशी बोलण्यासाठी त्याला उठवायला हवं होतं. दमलाय, झोपू दे, म्हणून मी उठवलं नाही.