पाच मुलींचं घर

महाल भागात घरोघरी मी बांगड्या भरायला जायचे तेव्हाची गोष्ट सांगते. कासारणीला घरं निवडावीच लागत. सण सगळ्यांचे एकाच दिवशी, लग्नं एकाच मुहूर्तावर, आणि हात आपले दोनच. माझी सासू बजावायची, "पोरांचं घर धर वं. पोरी उडून जातात. पोरामागं सून येते, मंग नातसून. जन्मभर पुरते तुले."

पटलं मला. पटायला काय, चार मुलांचं घर वकिलाचं होतं, दारात टांगा. पाच मुलींचं घर होतं मुनिमाचं. त्या पाचही जणींना पहिली बांगडी मी घातलेली. थोरली भारी भित्री, तिला गोष्ट सांगता सांगता भरावी लागे.

तर त्याच थोरलीच्या लग्नाचा चुडा भरायचा, आणि वकिलाकडेही थोरल्याचं लग्न. एकच सकाळ. मुनिमीणबाईंना मी आधी शब्द दिला होता, तरी गेले वकिलाकडेच. म्हटलं, ही तर चालली सासरी, आता हिचं आपल्याकडे काय काम?

वकिलाकडे चार सुना आल्या, खोटं कशाला बोलू. पण एक मुलगा नोकरीला लागला जबलपूरला, दोघं रायपूरला. बायका गेल्या मागोमाग. धाकटी राहिली, तर ती शिकलेली. म्हणाली, "काचेच्या बांगड्या वाजतात हो फार," आणि दार लोटलं.

आणि मुनिमाच्या पोरी? पहिलटकरणी माहेरीच येतात, हे माझ्यासारखीच्या ध्यानात येऊ नये! थोरलीला सातवा लागल्याचं कळलं, तशी हिरव्या बांगड्या घेऊन मी न बोलावता गेले. ओसरीवर पलीकडच्या आळीतली कासारीण बसलेली, आणि थोरलीचा हात तिच्या हातात.

"काहून आल्या काकू?" थोरली म्हणाली. "वकिलाकडं नाही का आज काही?"

"तुझ्यासाठीच आले वं बाई."

"त्या दिवशी हळदीचे हात घेऊन दाराकडं पाहून राहिली होती मी. साऱ्या बायका इचारत, कुठी आहे तुमची कासारीण? मंग मायनं हिच्या हातापाया पडून हिले आणलं."

मुनिमीणबाईंनी मला पाट दिला, चहा दिला.

त्या कासारणीचा हात जड होता. मनगट खरचटलं, मला तिथून दिसलं. थोरलीनं ओठ दाबला, पण हात काही मागं घेतला नाही.