जंतूंवाली भाडेकरू

देव चिंचेच्या पाण्यात भिजवले होते. बाळकृष्ण घासून झाला, अन्नपूर्णा हातात होती, तेवढ्यात समोरच्या आमच्याच ब्लॉकच्या दारात आवाज चढला. तशीच आंबट हातांनी बाहेर गेले.

तो ब्लॉक आम्ही मानसीला भाड्याने दिलाय. मूळची परभणीची. वडील नागोराव एसटीत मेकॅनिक; एवढं शिकलेली घरात ही पहिलीच. तळ्यात पाळलेले मासे ज्या जंतूमुळे अंगावर फोड येऊन मरतात, त्याच्यावर ती लॅबमध्ये संशोधन करते. मला तिने एकदा विरजणावरून समजावलं होतं. गारठ्यात विरजण नुसतं बसून राहतं, ऊब मिळाली की कामाला लागतं. हा जंतूही पाणी गार, स्वच्छ असलं की गप्प असतो. पाणी तापलं, मासे दाटीने कोंबले, की त्याच्यातलं एक जनुक जागं होतं. त्याच्या जोरावर तो उष्णता सोसतो आणि विषही तयार करतो. मानसीने ते जनुकच बंद पाडलं. आता तो जंतू तापलेल्या पाण्यात तगत नाही आणि मासाही मरत नाही. किती सणांना घरी गेली नाही पोर त्यापायी!

दारात सोसायटीचे सेक्रेटरी मानसीच्या हातातल्या बर्फाच्या डब्याकडे बोट रोखून उभे. "ये डिब्बा रोज ऊपर आता है! माशांचं काम सोडते म्हणून लिहून द्या. नाहीतर ॲग्रीमेंट रिन्यू होणार नाही."

मानसीने डबा उघडून दाखवला. आत धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. "जंतू लॅबमध्ये कुलपात असतात, अंकल. काम सोडणार नाही. लिहूनही देणार नाही."

"मग दुसरं घर बघा."

"बघते की. काम हेच राहील."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या. तुमच्या दारासमोर हे असलं?"

"जंतू काय दुसऱ्या कुणी केले? देवानेच ना?" मी म्हटलं. "आणि ब्लॉक माझ्या नावावर आहे. ॲग्रीमेंटवर सही माझी लागते. ती मी करणार."

"मीटिंगमध्ये घेतो हा विषय!"

"घ्या. आम्ही दोघी येतो. ही फळ्यावर जनुक काढून दाखवेल. चहा मात्र सोसायटीचा."

ते पुटपुटत जिना उतरले. मानसीने डब्याचं झाकण लावलं. "काकू, चेणे गावात धाकूदादा मासे पाळतात ना, त्यांच्या तळ्यात मासे वर येऊन श्वासासाठी तोंडं उघडतायत. तिथलं पाणी बाटल्यांत भरून तपासायला लॅबमध्ये न्यायला जातेय."