मामांची डिस्क दिसत नाही

माझ्या मामांचा दोन गोष्टींवर कधीच विश्वास बसला नाही. एक मोबाईल आणि दुसरी समोरची पार्टी. मामा आमच्या बोर्लीकडच्या गावांतले जाखडीचे शाहीर. जाखडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना एवढंच सांगते की दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, एक शक्तीवाले, एक तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो गाण्यातूनच फेडायचा. नाही फेडता आला तर अख्ख्या पंचक्रोशीत नाक कापलं जातं. म्हणून सामन्याच्या आधी नवं गाणं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा शाहिरांचा पहिला नियम. मामा तो असा पाळायचे की भात कापायला आलेल्या माणसांसमोर चालसुद्धा गुणगुणत नसत. कागदावर तर एक ओळ लिहिली नाही. कागद काय, कोणीही उचलतो म्हणे.

मग गाणी ठेवायची कुठे? मुंबईत एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मंडळातल्या एका चाकरमान्याने तिथला जुना कॉम्प्युटर मामांसाठी उचलून आणला. लोखंडी कपाटासारखा जड. त्यावर मी लिनक्स टाकून दिलं, रेकॉर्डिंग कसं करायचं ते शिकवलं आणि मामा खूश झाले. माजघराचं दार लावून बसायचे, माईकसमोर गायचे, गाणं डिस्कवर ठेवायचे. "मामा, एक कॉपी मला काढून द्या," असं मी दर गणपतीला म्हणायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "एका पेटीला कुलूप घालता येतं गो, धा पेट्यांना कोण घालील?" मी चिडायचे. मी मुळातच चिडकी आहे, आणि नवी मुंबईत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे कॉपी न ठेवणाऱ्या माणसाला बघून माझं डोकं अजूनच फिरतं.

या वर्षी मामांच्या घशाला गाठ निघाली. मुलाबरोबर ते मुंबईला गेले आणि दसरा झाल्यावर डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. मामा वाचले. आवाज गेला. घरी परत आले ते हातवारे करत, टिचक्या वाजवत. सामन्यांत लोकांनी मोबाईलवर घेतलेले तुकडे होते कुठे कुठे, पण त्यात ढोलकी, शिट्ट्या आणि कर्ण्याची खरखर. मामांचा आवाज त्यात हुडकावा लागायचा. नीट, स्वच्छ असा त्यांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कवर.

आणि दिवाळीनंतर मामीचा फोन आला. "बाय, ह्यांनी आज कॉम्पुटर लावला. गानी दिसत न्हाईत गो."

मी फोनवर म्हटलं, "घाबरू नको, कुठे तरी फाईल हलली असेल." आणि फोन ठेवल्यावर स्वतः घाबरले.

शनिवारी सकाळी पोचले. ओटीवर मामा बसलेले, गळ्याला रुमाल. मला बघून उठले, डोक्यावर हात ठेवला आणि लगेच माजघराकडे बोट दाखवलं. चहा नाही, पाणी नाही, आधी ते. मामी चुलीशी होती. एरवी माझी पिशवी हातातून ओढून घेणारी बाई, आज दारातूनच "आलीस व्हय?" म्हणाली आणि आत वळली. मला वाटलं, आजारपण काढून दमली असेल बिचारी.

तो कॉम्प्युटर सुरू व्हायचा एका साध्या डिस्कवरून. गाण्यांची डिस्क मात्र स्टुडिओच्या काळातली, वेगळ्या जातीची. ती सरळ जोडता येत नाही, मध्ये एक कार्ड लागतं. आणि त्या कार्डाशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. तो दुभाष्याचं काम करतो. दुभाषा रुसला की डिस्क ठणठणीत असून नसल्यासारखी. म्हणून मी मामांना आधीच सांगितलं, "डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क गेली असं नाही. समजलं?" त्यांनी मान हलवली, पण माझ्यावरची नजर हलवली नाही.

संशय मला ड्रायव्हरचाच होता. गणपतीत मी सगळी सिस्टीम नवी करून दिली होती, नव्याने जुन्या कार्डाशी भांडण काढलं असेल. मग जुनं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लावून पाहिलं. तेच. ड्रायव्हरला सांगितलं, वेग कमी कर. तेच. उत्तराची वाट जास्त वेळ बघ. त्याने जास्त वेळ बघितली, बाकी काही नाही. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एकच रडगाणं होतं, की कार्ड सापडलं, ड्रायव्हर चढला, डिस्कला विचारलं, उत्तर नाही, रीसेट करतो. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. मध्ये वीज गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे एक काका येऊन "खारी हवा ना, गंजलं असणार, आता काय उपयोग न्हाय," असं निदान करून गेले. कोणी विचारलं होतं का?

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, डिस्क काढून मुंबईला दे, तिथे डेटा काढून देणारे आहेत. मामांनी ते ऐकलं आणि दोन्ही हात असे उडवले की बास. मग समोरच्या गावाच्या दिशेने बोट, मग कानाला हात. म्हणजे समोरच्या पार्टीच्या कानावर जाईल! अहो, गळ्यात आवाज उरला नाही आणि अजून सामन्याची चिंता. मला राग यावा का रडू यावं तेच कळेना. दोन्ही आलं.

जेवण झाल्यावर लॉग पुन्हा वाचायला घेतला, या वेळी फक्त डिस्कच्या ओळी न बघता सगळा, वरपासून. आणि तिथे एक ओळ होती, 'कोणी लक्ष दिलं नाही' अशा अर्थाची. त्याचं असं असतं, की कार्डाचं काम झालं की ते प्रोसेसरला बेल वाजवून सांगतं. त्या बेलच्या तारा मोजक्याच असतात, कार्ड कुठल्या खाचेत बसलं त्यावर तार ठरते, आणि कधी कधी दोन कार्डांना एकच तार मिळते. मग बेल वाजली की कोणाची ते कळत नाही, दोन्ही ड्रायव्हर म्हणतात माझी नव्हे, आणि शेवटी कंटाळून सिस्टीम ती बेलच बंद करून टाकते. इथे तसंच झालं होतं. डिस्कचं कार्ड आणि माईक ज्याला जोडायचा ते स्टुडिओचं जुनं आवाजाचं कार्ड, दोघं एका तारेवर बसली होती. डिस्क बिचारी उत्तर देत होती. ऐकणारं कोणी नव्हतं.

पण इतकी वर्षं हीच दोन कार्डं गुण्यागोविंदाने नांदत होती की! आत्ताच एका तारेवर कशी आली? कार्ड काय पायाने चालत जाऊन दुसऱ्या खाचेत बसतं? म्हणजे कोणी तरी डबा उघडला होता. आणि माझा पारा चढला.

"हा कॉम्प्युटर कोणी उघडला होता?" मी माजघरातून ओरडले. "खरं सांगा! कोणी हात लावला याला?"

मामांनी दोन्ही हात वर केले, मी नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

मी स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. आत बॅटरी मारली तर तळाशी तांदळाचे दाणे. पिवळे. हळद लावलेल्या अक्षता. वाळून गेलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या. आणि डिस्कच्या कार्डावर, मधोमध, कुंकवाचं एक बोट, नीट गोल.

मी मान वर केली तेव्हा मामी दारात उभी होती. पदर तोंडाशी.

"मीच," ती म्हणाली. "खंडेनवमीला."

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, आता गाडी आणि गिरणीसुद्धा. त्या दिवशी मामा मुंबईला इस्पितळात होते, ऑपरेशन व्हायचं होतं. घरी भातामुळे मामी एकटी मागे राहिली होती. तिने सगळं पुजलं आणि मग कॉम्प्युटरपाशी आली.

"कोयता पुजायचा तर कमरेच्या आकडीतनं काढून पुजायचा," ती सांगत होती. "भायेरच्या खोक्याला कुकू लावून काय व्हतंय? तूच एकदा दावलेलंस मला, मामी, ही पट्टी हाय म्हनून मामांची गानी हायत. म्हनून ती पट्टी काढली. सुक्या फडक्यानं पुसली. कुकू लावलं, म्हटलं, ह्यांचा गळा राख. आणि परत बशीवली, जिथं बसली तिथं." तिचा आवाज फुटला. "तिकडं त्यांचा आवाज गेला. हिकडं हे बंद पडलं. माझाच हात लागला ना गो? माझ्याच हातानं गेलं ना दोन्ही?"

मला फोन केल्यापासून ही बाई हे मनात घेऊन भाकऱ्या थापत होती. नवऱ्याच्या समोर रोज ताट वाढत होती. मघाशी मी ज्या आवाजात ओरडले त्या आवाजाची मला इतकी लाज वाटली की मला तिच्याकडे बघवेना. मी उठून तिला धरलं.

"अगं मामी, गाठ आधीची होती. पूजेने कोणाचा गळा जातो का? आणि हे तर काहीच बिघडलेलं नाही. शेजारच्या खाचेत बसवलंस, एवढंच. या घरची सून त्या घरात जाऊन बसली, म्हणून हिचे निरोप कोणाला मिळेनात."

"खरं बोलतंस?"

"तुझी शपथ."

मामा हे सगळं ऐकत होते. ते हळूच उठले, मामीसमोर आले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, मग तिच्या कपाळाला बोट लावलं, आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मामी म्हणाली, "हसा, हसा मेल्यावानी," आणि डोळे पुसत आत निघून गेली. चालू करताना ती समोर थांबायला तयार नव्हती. न जाणो, नाही लागलं तर.

मी कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासले, आणि पहिल्या खाचेत बसवलं. कुंकू राहू दिलं. पुसायचा धीर झाला नाही. मशीन सुरू केलं, ड्रायव्हर चढला. डिस्कला विचारलं. आणि डिस्कने नाव सांगितलं, आकार सांगितला, जशी काही कधी रुसलीच नव्हती. मामांनी माझा खांदा असा दाबला की दुखला.

पण मी गाणं लावू दिलं नाही. "आधी कॉपी. आणि आता कुलपाची गोष्ट काढलीत तर बघा," मी दम दिला. मामांनी हात जोडले. कॉपी होईपर्यंत ते खुर्चीच्या कडेला बसून स्क्रीनवर पुढे सरकणारी पट्टी बघत होते. ती पुरी झाली. मी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि विचारलं, "कुठलं लावू?" त्यांनी शेवटच्या फाईलवर बोट ठेवलं. आजार कळायच्या आधी केलेलं शेवटचं रेकॉर्डिंग.

मी आवाज मोठा केला. आधी नुसती खोलीची शांतता. मग मामा खाकरले. तो जुना, भरदार, थोडा किनरा आवाज माजघरात आला. खुर्चीतले मामा पुतळ्यासारखे बसलेले. गाण्याच्या दोन ओळी झाल्या आणि गाणारा थांबला.

"अगो ए!" मामांचा आवाज स्पीकरमधून जोरात आला. "पानी आन जरा. घसा सुकला."

"आली, आली!" स्वयंपाकघरातून मामी ओरडली.

पितळेचा तांब्या घेऊन ती लगबगीने दारात आली, हात ओले, पदर खोचलेला. आणि तिथेच थांबली. मामांचं तोंड मिटलेलं होतं. स्पीकरमधून गाणं पुढे सुरू झालं होतं. मी ते बंद करायला गेले तर मामांनी माझा हात धरला, आणि दुसरा हात तांब्यासाठी पुढे केला. मामीने तांब्या दिला. ते सगळं पाणी प्यायले, सावकाश, एक एक घोट.

मामी खुर्चीला धरून उभी राहिली. "ते परत लाव," ती मला म्हणाली. "गानं नको. तेवढंच लाव."

मी मागे नेलं. मामांचा आवाज पुन्हा आला, अगो ए, पानी आन जरा. या वेळी तिला माहीत होतं कोण हाक मारतंय ते. मामांच्या अगदी शेजारी उभी होती. तरी ती म्हणाली, "आली हो."