सवलतीचा सूर

"सांगितलं ना मी! गल्लीगल्लीत सांगितलं, घसा बसेपर्यंत!"

"सांगितलंस रे. गादी विकल्यासारखं सांगितलंस."

"ताई, शब्द नगरपालिकेनेच दिले होते. टाकीत गटाराचं पाणी शिरलंय, नळाचं पाणी पिऊ नका. यात गादी कुठून आली?"

"तुझ्या गळ्यातून! आधी ते टिंगटिंग संगीत, मग 'ऐका होऽ'. मी पेला तोंडाला लावून ऐकत होते. म्हटलं, आता फिल्टरची किंमत सांगेल. अख्खा पेला संपवला मी!"

तो ताईच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. सगळे त्याला भोंगाच म्हणतात. टेम्पोवर कर्णा बांधायचा आणि दुकानांचे सेल ओरडत फिरायचं, हा त्याचा धंदा. भावंडांत धाकटा, घरात त्याचं वाक्य कुणी पुरं होऊ दिलं असेल तर शपथ. मग कधीतरी एका फर्निचरवाल्याचा माणूस आजारी पडला, याच्या हातात माइक आला, आणि रस्त्यातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. तेव्हापासून त्याचं खरं बोलणं कर्ण्यातूनच. घरी चहा हवा असला तरी आधी "हॅलो, चेक" म्हणतो. बायको म्हणते, "झालं चेक, आता बोला."

आज सकाळी शेजारच्या शिंप्याच्या मुलीला दवाखान्यात नेलं. उलट्या थांबेनात. मागोमाग नगरपालिकेतून फोन: लोक अजून पाणी पितायत, पुन्हा फेरी मारा.

"मारतो फेरी. आवाज वाढवतो," तो म्हणाला.

"म्हणजे लोकांना वाटेल, सेल मोठा आहे! पायी जा. दारोदार. साध्या तोंडाने सांग."

"साध्या तोंडाने माझं कोण ऐकतं? तू तरी ऐकलंस कधी?"

ताई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "आता ऐकते. सांग."

त्याने घसा खाकरला. मूठ आपोआप ओठांशी गेली.

"नऽळाचं पाणी पिऊ नऽका होऽ..."

ताईला फसकन हसू आलं. हसता हसताच ती पोट धरून ओट्यावर वाकली.

"ताई? काय होतंय?"

"काही नाही. सकाळपासून कळा येतायत. तू सांग. नीट सांग."

त्याने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मग नुसत्या येरझारा. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत.

"काय भोंगा!" समोरच्या काकू त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या. "गाडी नाही काढली आज? कशावर सूट आहे?" त्यांच्या हाताखाली नळ सुरू होता, पातेलं भरत होतं.

"विचारतायत त्या," ताई वाकूनच म्हणाली. "काय सांगणार आहेस?"

तो अनवाणीच जिना उतरला आणि रस्ता ओलांडून काकूंच्या दाराकडे पळत सुटला.