पहिल्या चादरीची झोप

“माल कसा आहे?” असं विचारलं की अन्ना तोंडानं उत्तर देत नसे. सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारायचा, उघडा हात उन्हात धरायचा आणि म्हणायचा, “बघा.”

हातावर बघण्यासारखं काही नसायचं. तेच त्याला दाखवायचं असायचं.

मी चादरींचा व्यापारी. वळसंगहून सोलापुरात आलो तेव्हा खांद्यावर दुसऱ्याच्या घोंगड्या होत्या आणि पायात वहाणाही नव्हत्या. दारोदार हिंडून घसा बसवला, तेव्हा कुठं पेठेत दुकानाची पाटी लागली. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. उपाशी माणसाला ती आपोआप येते. माझा आवाज चढला की समोरच्या रांगेतले दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला येतात, हेही मला ठाऊक आहे. अशा माणसापुढं भाव लावताना भलेभले विणकर घाम पुसायचे. अन्ना तेवढा बाही सारायचा.

त्याची मायबोली तेलुगू. आमच्याशी मराठी बोलायचा, पण मराठीतल्या बायका-पुरुषांची त्यानं कधी वेगळी पंगत मांडली नाही. चादर, कातडी, झोप, सगळे त्याच्या तोंडी पुरुषच. “सावकार, माझा कातडी खोटं बोलत नाही,” हे त्याचं आवडतं वाक्य.

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. एखादा भटारखान्यातला आचारी पहिला घास स्वतः खातो, एखादा चांभार नवी वहाण आपल्या पायात घालून अंगणात चार फेऱ्या मारतो. अन्नाची तऱ्हा याच जातीची होती, पण ती झोपेशी बांधलेली होती. रंगाचा नवा डबा फुटला, की त्या रंगाची मागावरून उतरलेली पहिली चादर तो विकायचा नाही. न धुता, खळीसकट, उघड्या अंगानं ती पांघरून झोपायचा. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ओट्यावर येऊन उन्हात आपलं अंग निरखायचा. दंडावर, मानेवर रंगाची छटा उतरलेली दिसली की सगळं सूत परत हौदात. नाही दिसली की माल दुकानी. ती पहिली चादर मात्र धुऊन लेकीच्या लग्नाच्या पेटीत जायची.

“सूत, रंग, माग, झोप,” तो सांगायचा. “चार काम केल्यावर चादर होतो.”

मी म्हणायचो, “अन्ना, झोप हे काम न्हाय. झोप म्हंजे सुट्टी.”

“तुमच्याकडे सुट्टी. माझ्याकडे शेवटचा काम.”

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. वैशाखात आख्खी गल्ली बाजा बाहेर काढायची आणि अंगावर पंचासुद्धा नको म्हणायची. त्या रांगेत एक बाज अशी असायची, की तिच्यावर पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत नवी कोरी चादर ताणलेली. नवखा माणूस बघून दचकायचा. एकदा एका टांगेवाल्यानं लांबूनच हात जोडले होते. त्यावर अन्ना आतून म्हणाला, “अजून वेळ आहे.” हा किस्सा गल्लीत वर्षभर पुरला.

मी त्याला उन्हाळ्यात तरी हे सोड म्हणालो. तर म्हणाला, “घाम आल्याशिवाय रंग खरा बोलत नाही. थंडीत सगळा रंग सभ्य असतो.”

यात गंमत होती तोवर गंमत होती. पुढं त्याच्या मानेवर आणि दंडांवर लाल चट्टे उठू लागले. आधी घामोळं म्हणाला, मग नायटा म्हणाला. लिंबू चोळून झालं, करंजाचं तेल झालं. चट्टे सुकून खपल्या धरायचे आणि पुढच्या डब्याला पुन्हा फुलायचे. डोळे तांबारलेले, कारण खाज रात्रभर झोपू देत नसे. अर्धवट झोपेत तो खाजवायचा, आणि खाजवल्यानं कातडी अजून सोलायची. ओट्यावर गप्पांना येणारी माणसं हळूहळू पलीकडच्या ओट्यावर बसू लागली. ‘महारोग’ हा शब्द मी त्याच्या गल्लीत मोठ्यानं कधी ऐकला नाही. पण त्याच्या घरचं पाणी प्यायला माणसं नको म्हणू लागली की शब्दाची गरज उरत नाही.

घरात एकच लेक. आई लहानपणीच गेलेली. हुशार पोरगी, अन्नाच्या अर्ध्या वेळात तिची रिळं भरून व्हायची. नगरच्या एका विणकराच्या घरात तिचं जवळजवळ ठरलं होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला ती माणसं सोलापुरात येणार, घर बघणार आणि सुपारी फोडणार. त्यांच्याही कानावर काहीतरी गेलं होतं, कारण निरोपात एक ओळ जादा आली होती: अन्नांची तब्येत कशी आहे?

मी त्याला जवळजवळ ओढतच स्टेशनाकडच्या एका डॉक्टराकडं नेलं. डॉक्टरानं चट्ट्यावर सुई टोचली. अन्ना अशा आवाजात कळवळला, की बाहेरचा घोडा बुजला. डॉक्टर हसला. म्हणाला, “लागतंय ना? मग महारोग नाही. इसब आहे.” दुसऱ्याला सुई लागल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

डॉक्टरानं मलम थोडं दिलं आणि झोपेबद्दलच जास्त सांगितलं. कातडीची झीज रात्रीच भरून निघते, तिला रात्र द्या. दिवसभराची खळ आणि रंग अंगावर घेऊन आडवे होऊ नका, कोमट पाण्यानं धुवा, खोबरेल लावा. दिवेलागणीनंतर लवकर निजा. आणि पांघरायला जुनं, शंभर वेळा धुतलेलं लुगडं किंवा गोधडी. नवं कापड अंगाला लावायचं नाही. “यात्रेपर्यंत कातडी साफ होईल,” तो म्हणाला.

परतताना अन्ना टांग्यात मलमाची डबी हातात फिरवत बसला होता. शेवटी म्हणाला, “मग पहिला चादर कोण पांघरणार?”

“कुणी न्हाय पांघरायची. सगळं सोलापूर तसंच इकतंय की.”

“सगळा सोलापूर माझ्या नावानं विकत नाही.”

माझं डोकं तापलं. टांगा थांबवून मी त्याला भर रस्त्यात बोललो. लेकीपेक्षा रंग मोठा का, म्हणालो. तो ऐकून घेत राहिला. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी सौदा घातला. “ऐक. तुजी पयली चादर मी पांघरतो. उघड्या अंगानं, न धुता, तुज्या रीतीनं. सकाळी हात दाखवतो. तू आमच्या घरातली गोधडी घे, तिच्यात नीज. यात्रेपातूर एवढंच.”

तो हसला. “सावकार, तुम्ही? तुमचा कातडी बाजारातला आहे. रंग त्याला घाबरतो.”

मीही हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला.

घरी लेकीनं ऐकलं. ती रीळ थांबवून एवढंच म्हणाली, “नान्ना, ऐका की सावकारांचं.” बापानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या हातावर टाळी दिली. सौदा पटला. आमच्या व्यापारात टाळी दिल्यावर बोलणं संपतं.

बायकोनं तिच्या दोन जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी धुऊन, घडी करून, सुतळीनं बांधून दिली. माझ्यासाठी अन्नाची पहिली चादर आली तेव्हा ती म्हणाली, “ह्या वासात मी न्हाय निजायची. तुमी आणि तुमचा रंग जावा तिकडं.” मग मी वर, उघड्या माळवदावर एकटा. खळ टोचायची, रंगाचा उग्र वास डोक्यात चढायचा. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी विणकरांच्या पेठेत जायचो, बाही सारायचो आणि त्याचाच शब्द त्याला ऐकवायचो, “बघ.”

तो माझा हात दोन्ही हातांत धरायचा. उन्हात फिरवायचा, थुंकी लावून अंगठ्यानं घासायचा, वाससुद्धा घ्यायचा. हात नेहमी साफ. तो फक्त “हूं” म्हणायचा. चांगलं आहे, असं त्या तोंडून कधी निघालं नाही.

“तुजं कसं हाय?” मी विचारायचो.

“कमी आहे.” थंडीचे दिवस होते, बाह्या मनगटापर्यंत खाली. मी मान्य केलं. माणसानं टाळी दिली होती.

यात्रा लागली. नगरची माणसं आली. मुलाचा बाप स्वतः विणकर, मोजकं बोलणारा. सतरंजी अंथरलेली, लेकीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि मुलाच्या बापानं पाण्याचा पेला पूर्ण रिकामा केला. मी मनात म्हटलं, जिंकलो. मी घरोब्यातला वडीलधारा म्हणून अन्नाच्या बाजूनं बसलो होतो. मागावर तांबडी चादर अर्धी चढलेली होती आणि तिच्याच जोडीच्या चादरींचा गठ्ठा भिंतीला, दोन दिवसांत माझ्या दुकानी यायचा होता. त्या रंगाची पहिली चादर मीच पांघरली होती.

पाहुण्याची नजर गठ्ठ्यावर गेली. एका विणकरानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यानं सहज विचारलं, “माल कसा आहे?”

अन्नाची बाही वर गेली.

मला आजही वाटतं, त्यानं ते केलं नाही, त्याच्या हातानं केलं. तीस वर्षं त्या प्रश्नाला तेच उत्तर होतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली, लाल, पाणी सुटलेली. आणि चट्ट्यांच्या मधल्या जागेत, जिथं कातडी शाबूत होती तिथं, फिकट तांबडी छटा. चादरीची.

दुसरा कुणी असता तर बाही खाली ओढली असती. अन्नानं सकाळच्या गडबडीत न निरखलेला तो हात उन्हाकडं नेला, नीट बघितला आणि पाहुण्याला सोडून माझ्याकडं वळला. “सावकार, हा रंग कच्चा आहे. हा माल घेऊ नका. तुमच्या हाताला दिसला नाही.”

मी इसबाचं सांगितलं, सुईचं सांगितलं, डॉक्टराकडं आत्ता टांगा करून नेतो म्हणालो. माझा आवाज चढत गेला तसा पाहुण्याचा आणखी मऊ झाला. “आम्ही काही म्हटलं का?” तो म्हणाला. पानं मांडलेली होती. उपास आहे म्हणून ती माणसं उठली. लेक दाराआड उभी होती. ती बाहेर आली आणि तिनं पेले उचलले.

त्या दिवशी मी अन्नाशी भांडलो नाही. भांडायला हवं होतं. भांडणात निदान दोघंही बोलतात. मी रागानं घरी गेलो आणि आठ-पंधरा दिवस त्या पेठेकडं फिरकलो नाही. त्यानं यावं, अशी माझी वाट बघणं चाललं होतं.

तो आला नाही. त्याच्या भावकीतला एक माणूस गोधडी परत घेऊन आला. अन्ना लेकीला आणि पेटीला घेऊन निजामाच्या मुलखात तिच्या आजोळी गेला होता. माग भावकीला दिला होता. मला निरोप काही नव्हता.

बायकोनं गोधडी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. सुतळी तीच होती. गाठ तिचीच होती, डाव्या हातानं मारलेली, तशी दुसरं कुणी मारत नाही. ती गोधडी एका रात्रीपुरतीही उलगडलेली नव्हती.

माझं दुखणं हे आहे, आणि ते तुमच्यापुढं मांडतो. मला कुणी तोंडावर ‘नाही’ म्हटलं तर मी त्याला मानतो. आयुष्यभर ‘नाही’ ऐकूनच मी उभा राहिलो. अन्नानं म्हणायचं होतं, “तुमच्या कातडीवर माझा विश्वास नाही.” मी चिडलो असतो, ओरडलो असतो, आणि मग दुसरा कुणी शोधला असता, नाजूक अंगाचा. सोलापुरात नाजूक अंगाची माणसं कमी आहेत का? त्यानं टाळी दिली, रोज सकाळी माझा हात उन्हात फिरवून बघितला आणि प्रत्येक डब्याची दुसरी चादर स्वतः पांघरून निजत राहिला. माझी झोप त्यानं माझं मन राखायला घेतली. स्वतःची मालाला दिली. लेकीच्या वाट्याला काय उरलं?

त्या तांबड्या गठ्ठ्यातली एक चादर मी भावकीकडून मागून आणली आणि घंगाळात बुडवली. पाणी कुंकवासारखं झालं. तिच्याखाली मी घोरत निजलो होतो आणि माझ्या अंगावर एक ठिपका उमटला नव्हता.

लेकीचं पुढं काय झालं, ते सांगायला कुणी आलं नाही. तिकडून येणाऱ्या सूतवाल्यांना मी विचारतो. ते म्हणतात, मुलूख मोठा आहे.

आता माल दुसऱ्या विणकरांकडून येतो. चांगला येतो. तरी नवा रंग आला की पहिली चादर मी घरी नेतो. बायको गोधडी पुढं करते, मी नको म्हणतो आणि माळवदावर जातो. सकाळी भोंगा झाला की ओट्यावर बसून बाही सारतो. हात साफ असतो. उन्हात इकडून तिकडून फिरवून बघतो. तो रंग पक्का म्हणून साफ आहे, की कातडी जाड म्हणून, हे बघून सांगणारा माणूस आता इथं नाही.