बुंध्याशी खरवडून बघ

बर्नडेट मावशी गेल्याचं मला एका फोटोवरून कळलं. नाताळ तोंडावर आला होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तिचा हसरा चेहरा, भोवती हिरव्या पानांची महिरप आणि खाली ठळक अक्षरं: ‘वसईच्या वृक्षमातेला भावपूर्ण श्रद्धांजली’. पाठवणारे होते रस्ते खात्याचे ते साहेब, ज्यांच्या रस्त्यासाठी तिचं जंगल तोडलं गेलं. मी आधी चिडले आणि मग रडले... क्रम असाच होता, खोटं कशाला सांगू? ‘वृक्षमाता’ या शब्दाचा तिला भयंकर तिटकारा होता. कुणी व्यासपीठावरून तसं म्हटलंच, तर माइक हातात येताच ती सांगायची, “मी कुणाची आई नाही. मी वनशास्त्राची संशोधक आहे. आईला पगार नसतो, मला होता.”

ती वसईजवळच्या वटार गावची, बागायतदाराघरची. वनशास्त्र शिकायला उत्तरेत गेली, डॉक्टरेट केली, नोकरी केली आणि मग घरी परतून वसईच्या पूर्वेकडच्या डोंगरउतारावर एकच प्रश्न घेऊन बसली. जंगलात आपोआप उगवलेलं रोप कशाच्या जोरावर तगतं आणि माणसाने खड्डा खणून लावलेलं का मरतं? ऐनाच्या, कुंभ्याच्या बोटभर रोपांना ती अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी बांधायची आणि दर पावसाच्या आधी आणि नंतर जाऊन कोण आहे, कोण गेलं ते पाहायची. रोप सुकलेलं दिसलं की उजव्या अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी दिसलं तर आणखी खाली, मग बुंध्याशी, मातीला लागून. उन्हाळ्यात रोप वरून सुकतं आणि तळाशी जीव धरून राहतं, म्हणून बुंधा पाहिल्याशिवाय कुणाला मेलं म्हणायचं नाही. ते नख कायम हिरवट-काळं असायचं. तिचे भाऊ इनासमामा मला म्हणायचे, “अंगणातला चाफा कशाने मेला माहितीये? ही ‘जिवंत आहे का, जिवंत आहे का’ म्हणून त्याला रोज खरवडायची!” त्यावर ती शांतपणे म्हणायची, “मेला नव्हता. तू उपटलास.”

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढले, पण खरं तर पत्रकांवर वाढले. बाबा युनियनचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणापेक्षा पत्रकांच्या घड्या जास्त असत. पत्रकात शब्द कसा हवा, हे मला शाळेच्या आधी कळलं होतं: छोटा आणि तापलेला. रस्त्याविरुद्धच्या लढ्यात मावशी भेटली. रस्त्याचा पहिला टप्पा झाला होता आणि तोडलेल्या झाडांच्या बदल्यात एका गवताळ माळावर हजारोंनी रोपं लावल्याचं सांगितलं जात होतं. ती किती जगली त्यावर दुसऱ्या टप्प्याची परवानगी ठरणार होती, आणि दुसरा टप्पा थेट मावशीच्या उतारावरून जाणार होता. आम्ही दोघी भर उन्हात तो माळ पालथा घालत होतो. ती खरवडायची, मी लिहायचे. एका रोपाची अवस्था बघवेना म्हणून मी बाटलीतलं पाणी त्याच्या मुळाशी ओतायला गेले, तर तिने माझ्या हातावर चापटी मारली.

“मोजणाऱ्याने पाणी घालायचं नाही, बाय.”

“अगं, मरतंय ते!”

“मग मेलं असं लिही. आज तू घालशील, उद्या कोण? तुझी दया नाही मोजायची आपल्याला. जमीन मोजायचीय.”

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘माळावर एकही झाड जगलेलं नाही!’ दुसऱ्या दिवशी वटारच्या ओट्यावर तिने तो मथळा पेनाने खोडला. बरीचशी मेली आहेत, काही जिवंत आहेत, असं लिही म्हणाली. मी भांडले. काहींवर पत्रक निघत नाही, काहींसाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही, असं बरंच काही बोलले. ती केळी सोलत ऐकत राहिली. “जंगलातही बहुतेक रोपं मरतात,” ती म्हणाली, “तेही लिही.” मला वाटलं, ही बाई नक्की कुणाच्या बाजूची आहे?

सुनावणीत साहेबांनी तिला एवढंच विचारलं, “डॉक्टर, माळावर काही रोपं जिवंत आहेत की नाहीत?” ती म्हणाली, “आहेत. पण त्यांचं जंगल...” साहेबांनी तिथेच हात वर केला. आहेत, असं डॉक्टर स्वतः म्हणतात, हे लिहून घ्या. पुढचं वाक्य कुणी लिहून घेतलं नाही. परवानगी मिळाली. पट्ट्या बांधलेली रोपं यंत्राखाली गेली. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, “एक शब्द खोटा बोलली असतीस तर?” ती म्हणाली, “मग त्यांच्यात आणि आपल्यात काय उरलं असतं?” मी म्हटलं, “जंगल उरलं असतं!” मला या भांडणाबद्दल आजही पश्चात्ताप नाही. मी आजही तिच्यावर रागावलेलीच आहे. तिच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, हात काडीसारखे झाले होते. मी नवं पत्रक दाखवलं. तिने ते वाचलं आणि एका ओळीवर नख ठेवलं. “हे तू स्वतः पाहिलंस?” एवढंच विचारलं...

ती गेल्याला महिना झाला, चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतर साहेबांनी त्याच माळाच्या कोपऱ्यात तिच्या नावाचं स्मृतिवन केलं. ऐन थंडीत, पाऊस संपून गेल्यावर, पाण्याची सोय नसलेल्या जागी. लावली काय, तर ऑस्ट्रेलियन बाभूळ. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. इनासमामा माझ्या कानात पुटपुटले, “ही असती तर फावडं घेऊन मागे लागली असती.” तिच्या नावाच्या पाटीखालचं पहिलं रोप साहेबांनी स्वतःच्या हाताने लावलं.

गेल्या आठवड्यात मी एकटी तिथे गेले. ते रोप वाळून कोळ झालं होतं. मोबाइलवर फोटो काढला, मागे पाटी येईल असा. इतका चांगला फोटो मला आजवर मिळाला नव्हता. मथळा तिथेच सुचला. अंगठ्याने शेंड्याशी खरवडलं, तपकिरी. मध्यावर खरवडलं, तपकिरी. पुरे होतं. मी उठलेही होते... मग परत गुडघे टेकले आणि बुंध्याशी माती बाजूला करून नख लावलं.

हिरवं होतं. सुतासारखं बारीक, ओलसर, पण हिरवं.

साहेबांनी लावलेलं, परक्या मुलखातलं, चुकीच्या ऋतूत लावलेलं ते रोप, आणि ते जिवंत होतं. मी फोटो पुसला. वहीत ‘जिवंत’ असं लिहिलं. बॅगेतली पाण्याची बाटली हातात घेतली होती, ती झाकण न उघडता परत आत ठेवली आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले.