निलाक्काचं दुकान, माझ्या फोनवर

निलाक्का स्वतःलाच पार्सल पाठवायची. कडक भाकरीसाठी नव्या जातीचा खोका आणला, की त्यात दोन डझन भाकरी भरून ती तो एसटीनं नेसरीला बहिणीकडे धाडायची. बहिणीनं तो न उघडता उलट्या गाडीनं परत पाठवायचा. मग मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून अक्का खोका फोडायची आणि मोडक्या भाकरी वेगळ्या काढायची. मोडक्या जास्त निघाल्या की खोका बाद. "गिऱ्हाइकाच्या हातात काय पडतंय ते आपल्याला नगो कळाय?" असं म्हणायची. तिच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर मांडून मी लोकांच्या वेबसाइट करायची. मला या पार्सलांचं हसू यायचं.

अक्का घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी, आणि रागावली की दोन्ही. आवाज असा की वरच्या मजल्यावर मला फोन नीट ऐकू यायचा नाही. कारळ्याची चटणी कुटली की पहिली वाटी मात्र माझ्याकडे यायची. तिची वेबसाइट मीच केली होती. त्यात इरकल नेसलेल्या अक्काचा मोठा फोटो टाकला, तर म्हणाली, "भाकरीचा टाक की गं! माझं काय खात्यात लोक?"

एकदा ती म्हणाली, "पोरी, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसत्यात म्हणं. फोनजोगी करायची का नगो, तू सांग." मी म्हटलं, राहू दे अक्का, लोक ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मागवतात. खरं तर एका मोठ्या शोरूमचं काम हातात होतं आणि भाकरीच्या दुकानासाठी ते बाजूला ठेवायची माझी इच्छा नव्हती. अक्कानं आठ दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमी कशावर बघतासा?" जो तो खिशातून, पर्समधून फोन काढून दाखवायचा. नवव्या दिवशी तिनं जिन्याखालून हाक दिली, "ठरलं गं. करून टाक." आणि त्या भरवशावर संक्रांतीआधी गल्लीतल्या चार बायकांना तिनं भाकरी थापायला बोलावलं. त्यांतली शोभा तर धुण्याभांड्याची दोन घरं सोडून आली.

मी पहिलं पान केलं. ऑर्डर भरायचं पान राहिलं. रविवारी करू, असं मनाशी म्हणत होते, तेवढ्यात अक्कानं विचारलं, "झालं का गं?" मी म्हणाले, "झालं, अक्का." तिच्याकडे बटणांचा साधा फोन. तिला बघता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. "तू म्हणालीस म्हंजे झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवार गेला, पुढचाही गेला. विसरले असते तर निदान तसं सांगता आलं असतं. मला रोज आठवत होतं. खाली चौघीजणी निवडलेलीच ज्वारी पुन्हा निवडत बसायच्या आणि मी त्यांच्यासमोरून जिना चढायची. एकदा अक्कानं विचारलं, "मागणी का येईना गं?" मी म्हणाले, "बाजारच थंड आहे." हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं तापतात.

शेवटी शोभाच्या पुण्यातल्या नणंदेचा फोन आला, की ऑर्डर जातच नाही. त्या दिवशी गुडघे धरत अक्का माझा जिना चढली. खुर्चीत बसली. "तुझा फोन काढ. आमचं दुकान उघड. आता मी गिऱ्हाईक. दोन डझन भाकरी, पत्ता सांगतो, लिही."

मी लिहायला लागले. निम्मा पत्ता स्क्रीनच्या बाहेर गेला. ऑर्डर पाठवायचं बटण दिसेना. मी पान डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. अक्का फोनकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ऱ्हायलंय म्हणायचं की गं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी काय खातो हुतो व्हय तुला?"

आयुष्यात तिचा आवाज एवढा खाली आलेला मी तेव्हाच ऐकला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी सगळं पुरं केलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. मागण्या यायला लागल्या, पण संक्रांत होऊन गेली होती आणि शोभा वाट बघून कबनूरला भावाकडे निघून गेली होती, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. तिची जुनी घरं दुसरीनं धरली होती. अक्कानं मला पुन्हा एका शब्दानं टोचलं नाही. कारळ्याची वाटीही येत राहिली.

मागच्या वर्षी अक्का गेली. तिच्या दिवसकार्याला शोभा कबनूरहून आली होती. दारात माझ्याजवळ बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "लई मोठ्या मनाची बाई. मी कबनूरला निघालो तवा माझा हात धरून म्हणली, शोभे, माझंच चुकलं. वरची पोरगी सांगत हुती काम ऱ्हायलंय म्हणून, मीच घाई करून तुमास्नी बोलावलं." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तू सांगितलंवतंस न्हवं?"

बायका बसल्या होत्या. आत अक्काचा फोटो होता, वेबसाइटसाठी काढलेलाच.

"व्हय," मी म्हणाले.